चहा न घेणाऱ्या आत्या

मुळशी तालुक्यात मोर्चे काढून, रस्ते अडवून आणि निवेदनं देऊन जेवढी कामं झाली असतील, त्याहून जास्त कामं आमच्या घरमालकांच्या आत्यांनी नुसता चहा नाकारून करून घेतली, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. आत्या कधी भांडल्या नाहीत, कुणाला उलट बोलल्या नाहीत. कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसायचं, भरलेला कप समोर आला की बोटानं जरासा लांब सरकवायचा आणि पदर सावरून गप्प राहायचं, एवढंच त्यांचं हत्यार. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर वाडीतल्या पोरींना शाळेच्या मैदानावर खेळायला पाठवावं म्हणून. स्वतः आत्या जन्मात कुठला खेळ खेळल्या नव्हत्या. एका पायानं त्या लंगडत. तरीही नऊवारीखाली शाळेच्या खेळाच्या सरांनी दिलेले पांढरे कॅनव्हासचे बूट घालून त्या अशा तोऱ्यात निघत, की पाहणाऱ्याला वाटावं, आता या बाई सरळ ऑलिंपिकला चालल्या आहेत.

आम्ही मूळचे लातूरकडचे. नवऱ्याची आणि माझी, दोघांचीही नोकरी हिंजवडीत, म्हणून माण गावाच्या पुढच्या एका वाडीत खोल्या घेऊन राहिलो. आमच्या घरमालकांची जमीन आयटी पार्कात गेली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चार मजली इमारत उभी केली. तळमजल्यावर ते, बायको आणि नववीतली मुलगी साक्षी, कोपऱ्यातल्या खोलीत आत्या, आणि वरच्या मजल्यांवर आम्ही भाडेकरू. आत्यांना भाडेकरूंची नावं पाठ करण्यात रस नव्हता. त्या जिल्ह्यावरून हाक मारत. मी ‘लातूर’, समोरचा अविवाहित अभियंता ‘जळगाव’. वरच्या मजल्यावरची ओडिशाची मुलं नकाशात नेमकी कुठे बसवावीत हे न कळल्यामुळे त्या तिघांना मिळून ‘लांबचे’ म्हणत. “ए लातूर, पानी आलंय, भरून घे. न् त्या लांबच्यांना बी सांग,” अशी हाक सकाळी जिन्यातून वर आली की आमचा दिवस सुरू होत असे.

चहा नाकारण्यात एवढं काय, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण आत्या त्या वाडीच्या लेक होत्या. लहान वयात लग्न होऊन सासरी गेलेल्या आणि नवरा वारल्यावर माहेरी परतलेल्या. भावकीतल्या निम्म्या घरांच्या त्या आत्या, उरलेल्यांच्या बहीण. वैर धरलेली भावकी एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातून गावच्या लेकीनं माहेरच्या उंबऱ्यावर येऊन घोटभर पाणी न घेता उठून जावं, म्हणजे त्या घराला लागतं, असं मोठमोठ्या गाड्यांतून फिरणाऱ्या बाप्यांनाही मनातून वाटत असतं. आत्यांनी ही भीती ओळखली आणि कामाला लावली. त्या ओट्यावर बसत. कप सरकवत. घरची बाई म्हणे, “घ्या की आत्या, निवतोय.” आत्या म्हणत, “निवू दे. पोरीला खो-खोला धाडनार का न्हाई, ते सांग आदी.” मग घरातून कुजबूज, मग बापाला फोन, मग पुन्हा कुजबूज. एका घरी हुशारीनं बाटलीतलं थंड पेय आणून ठेवलं. आत्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, “ह्यात बी पानीच असतंय की.”

शाळेत पीटीचा तास वेळापत्रकात असे, मैदानावर नसे. कधी त्यावर गणित बसे, कधी इंग्रजी, आणि खेळाच्या सरांना कधी निवडणुकीचं काम लागे, कधी सर्वेक्षणाचं. आत्या तासाच्या वेळी मैदानाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसत. घंटा झाली आणि पोरी आल्या नाहीत, की लंगडत वर्गाच्या दारात उभ्या राहत आणि विचारत, “मास्तर, पोरी कुटं सांडल्या?” शेवटी त्यांनी मुख्याध्यापकांच्याच खोलीत जाऊन कप सरकवला. मुख्याध्यापक बिचारे विदर्भातले, नव्यानंच बदलून आलेले. त्यांनी काळजीनं विचारलं, “आजी, तुम्हाला शुगर आहे काय? बिनसाखरेचा सांगू?” बिनसाखरेचाही आला. आत्यांनी तोही पहिल्याशेजारी सरकवून ठेवला. मग मुख्याध्यापकांनी नुसत्या दुधातला मागवला. तीन कप रांगेत निवत बसले, आणि शाळेचा कारकून, जो भावकीतलाच होता, तो दारातून हे पाहून पांढराफटक पडला. त्यानं साहेबांना बाहेर बोलावून काय समजावलं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यापासून पीटीच्या तासाला पोरी मैदानावर दिसू लागल्या. आत्यांनी जाऊन तीनही प्रकारचा चहा घेतला.

नेऱ्याच्या रस्त्याला प्लॉटचे व्यवहार करणारा एक त्यांचा भाचा होता, तो मात्र वस्ताद. “धाडतो की आत्या, तू चहा घे,” असं म्हणून त्यानं चहा पाजला आणि पोरीला काही पाठवलं नाही. आत्यांनी थोडे दिवस वाट पाहिली. मग एके सकाळी स्वतःच्या खोलीत चहा केला, कपावर बशी झाकली आणि भर रस्त्यातून लंगडत, एक थेंब न सांडता, त्याच्या दारात नेऊन ठेवला. “तुजा चहा. माज्याकडं राहिला व्हता,” एवढं बोलून त्या माघारी वळल्या. दिलेला चहा परत आलेला वाडीनं त्याआधी पाहिला नव्हता. दुपारी त्या भाच्याची आई स्वतः नातीचा हात धरून मैदानावर आली.

एवढी मेहनत करून खेळातलं आत्यांना काय कळत होतं, तर काहीही नाही. खो-खोत निम्म्या पोरी खाली का बसल्या आहेत, हा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही. “बसायचं तर घरी काय वंगाळ व्हतं?” असं त्या सरांना विचारत. दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवत, आणि बाद झालेल्या पोरीसाठी जरा जास्त. एकदा संध्याकाळी मी विचारलं, “आत्या, आज कोण जिंकलं?” तर म्हणाल्या, “समद्या पळाल्या.” त्यांच्या दृष्टीनं निकाल तेवढाच होता.

यामागचं कारण मला फार उशिरा कळलं, आणि तेही वाडीत एक वाईट घटना घडून गेल्यावर.

वाडीच्या टोकाला एक घर आहे. तिथल्या मुलीसाठी आत्या लई दिवस, त्यांच्याच भाषेत, ‘ओट्याला मुळं फुटस्तवर’ बसल्या होत्या. शेवटी बाप तयार झाला, आत्यांनी चहा घेतला आणि पोरगी कबड्डीत चमकू लागली. एके सकाळी ती सरावाला चालली असताना, एका बांधकामावरून मागे येणाऱ्या डंपरखाली तिचा पाय सापडला. गुडघ्याखालून काढावा लागला. त्या रस्त्यावर डंपर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि आमच्यासारख्यांच्या दुचाक्या यांत पायी माणसाला जागाच उरलेली नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी त्या दिवशी वाडीनं डंपरवाल्याच्या आधी आत्यांचं नाव घेतलं. मुलगी दवाखान्यातून घरी आली तेव्हा आत्या गेल्या. मीही सोबत होते. तिच्या आईनं निव्वळ सवयीनं चहा आणून ठेवला. आत्यांनी कप सरकवला नाही. निवून साय धरलेला तो चहा त्यांनी शेवटपर्यंत प्याला. परतीच्या वाटेवर त्यांनी माझा खांदा धरला होता, एवढंच मला आठवतं.

त्यानंतर घरोघर एक नवी रीत सुरू झाली. आत्या दिसल्या की लोक दार ओढून घेत. ओट्यावर बसू देत, पण चहा विचारत नसत. विचारलाच नाही तर नाकारायचा काय? ज्या बाईनं अख्ख्या भावकीला चहाच्या कपावर नाचवलं, ती बाई उन्हात कोरडी बसून परत येऊ लागली. मैदानावरच्या पोरी एकेक करून कमी झाल्या.

उरली ती साक्षी. आमच्या घरमालकांचीच मुलगी. ती आठशे मीटर पळायची, आणि सर म्हणत, की पौडला तालुक्याच्या स्पर्धेत उतरवली तर ही जिल्ह्याला जाणार. घरमालकांनी साफ नकार दिला. आधी चड्डीवर पळण्याचं कारण होतं, रंग काळवंडण्याचं होतं, उद्या स्थळं येतील त्यांचं होतं. आता मात्र त्यांच्याकडे खरं कारण होतं. ते दारातच आत्यांना म्हणाले, “आत्या, तुज्या चहापायी एक पोरगी पायानं गेली. आता माजी बी घालवायचीय व्हय?” दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं चहा आणला, तेव्हा त्यांनी कप सरकवला. ज्या घरात राहत होत्या, त्याच घराचा.

जेवण त्या स्वतःच्या खोलीत शिजवत, त्यामुळे भाकरीचा प्रश्न नव्हता. प्रश्न चहाचा आणि पाण्याचा होता, कारण दूध, साखर आणि पाणी त्यांच्याकडे घरमालकांच्याच स्वयंपाकघरातून येई. मग आत्या रोज संध्याकाळी दोन मजले चढून माझ्याकडे येऊ लागल्या. “लातूर, टाक कपभर,” म्हणत चौकटीला टेकून बसत, आणि जाताना कळशी भरून घेत. मी एकदा धीर करून म्हटलं, “आत्या, पाणी एकाच टाकीतलं आहे हो.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की नोकरी करून बाईची अक्कल जाते हे त्यांचं मत पक्कं झालं असावं. त्यांचा हिशेब उंबऱ्याचा होता, टाकीचा नव्हता.

अशाच एका संध्याकाळी त्यांनी सांगितलं. मी विचारलं होतं, की एवढं का लावून धरता?

“मी बी पळाले व्हते एकदा,” आत्या म्हणाल्या. “सासर माजं धरनाच्या वरच्या अंगाला. नवरा लाकूड घेऊन मागं लागला, तशी निगाले. अनवाणी. डोंगर उतरून, वढा वलांडून. लई पळाले बघ. पर सारखी मागं बघत व्हते, आला का म्हनून. मागं बघता बघता दरडीवरनं पडले, तवाचा ह्यो पाय. तसंच फरफटत घरी आले. आयनं गुळाचा चहा दिला. तहान लई लागलेली, मी पिले. माजा बाप म्हनला, प्याली न्हवं चहा, राग गेला पोरीचा. न् दुसऱ्या दिशी बैलगाडीत घालून परत नेऊन सोडलं.”

आत्यांनी बशीत उरलेला चहा पिऊन टाकला.

“तितं चुकले मी. चहा प्यायला नगं व्हता. पिले नसते तर बापाला गाडी जुपायची छाती झाली नसती.” मग उठता उठता म्हणाल्या, “ह्या पोरी पळत्यात न् मागं लाकूड घेऊन कोन न्हाई, तेवडंच बगायला जाते मी. बाकी मला त्यातलं काय कळतंय?”

पावसाळा वाढला तसा त्यांना जिना चढवेना. मग मीच थर्मास घेऊन खाली जाऊ लागले. ताप छातीत उतरला. घरमालकांनी काही कमी केलं नाही. चांगल्या दवाखान्यात ठेवलं, रात्रंदिवस बसून राहिले. पण तिथंही भाच्याच्या हातचं पाणी आत्यांनी घेतलं नाही, नर्सच्या हातचं घेतलं. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

त्या दुपारी त्यांच्या खोलीत आम्ही सगळे होतो. घरमालक फुलपात्रात पाणी आणि तुळशीचं पान घेऊन उशाशी बसले. चमचा ओठांशी नेला. आत्यांनी ओठ मिटून घेतले. शुद्ध होती की नव्हती, सांगता येणार नाही, पण ओठ मात्र असे घट्ट मिटले होते की पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. घरमालकांनी पुन्हा चमचा भरला. पुन्हा तेच. एवढा धिप्पाड तो माणूस लहान मुलासारखा रडू लागला. “आत्या, घे गं. अशी जाऊ नगंस,” म्हणाला. मग साक्षीकडे बघून, हुंदक्यातच बोलला, “धाडतो. तिला पौडला धाडतो. आता घे.” आत्यांचे ओठ उघडले. दोन चमचे पाणी त्यांनी घेतलं. सूर्य मावळायच्या आत त्या गेल्या.

मला त्या रडण्यातही क्षणभर हसू आलं होतं. मरतानासुद्धा या बाईनं एक पोरगी मैदानावर पाठवली, असं वाटलं होतं.

सासरहून कुणी आलं नाही. अग्नी घरमालकांनी दिला, आणि त्यामुळे सुतकही त्यांच्याच घराला आलं. पौडची स्पर्धा त्या सुतकातच पडली. खेळाचे सर दारात येऊन उभे राहिले, तेव्हा घरमालक मुंडण केलेलं डोकं खाली घालून म्हणाले, “मी न्हाई म्हनत न्हाई, सर. पर सुतकात पोरगी भाईर काडू कशी? आत्याचंच सुतक हाय.” ते खोटं बोलत नव्हते. ते खरोखरच तसं मानत होते, आणि म्हणूनच कुणाला त्यांच्याशी भांडता येईना. सर माघारी वळले. दिलेला चहा परत नेऊन ठेवणारी बाई आता राहिली नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी भावकीतली माणसं भेटायला आली होती. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून जमिनीचे भाव आणि आत्यांचे गुण आळीपाळीनं निघत होते. साक्षी आतून आली. हातात तेच फुलपात्र होतं, काठोकाठ भरलेलं, वर तुळशीचं पान. तिनं ते बापाच्या पुढ्यात ठेवलं.

“आत्याआजीचं पानी परत,” ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. ती आत निघून गेली. तिच्या आईनं पदर तोंडाला लावला. नेऱ्याच्या रस्त्याचा तो भाचाही बसला होता, त्यानं मान फिरवली. घरमालक त्या पाण्याकडे बघत राहिले. माणसं उठून गेली, दुसरी आली, पण फुलपात्राला कुणी हात लावला नाही, ते ओलांडूनही कुणी गेलं नाही. दिवेलागणीला मी खाली डोकावले तेव्हा ते तिथंच होतं, आणि घरमालकही.

त्या वर्षीची स्पर्धा गेली ती गेलीच. आत्यांनी ज्यासाठी तहान काढली ती गोष्ट घडली नाही, आणि तिला आडवं आलं ते त्यांचंच मरण. याचा मला अजून राग येतो. कुणावर, ते सांगता येत नाही.

तेरावा झाल्यावर एके संध्याकाळी दार वाजलं. साक्षी चौकटीला टेकून उभी होती. “काकू, कपभर टाकता?” म्हणाली. घरी चहा झाला नाही का, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. तिनं चहा घेतला आणि जाताना कळशी भरून नेली. तेव्हापासून ती रोज येते. यंदा दहावी आहे. मैदानावर पुन्हा थोड्या पोरी दिसतात, आत्यांच्या वेळेइतक्या नाहीत.

सकाळी मी खिडकी उघडते तेव्हा ती पळताना दिसते. आणि हल्ली तिच्या मागे थोडं अंतर ठेवून एक मोटरसायकल सावकाश चाललेली असते, दिवा लावलेली. मागून डंपर आला तर आधी आपण मध्ये यावं, अशा बेतानं घरमालक रस्ता अडवून चालवतात. पौडचं ते अजून बोललेले नाहीत. बापलेक एकमेकांशीही फारसं बोलत नाहीत.

परवा चहा देताना मी साक्षीला विचारलं, “काय गं, बाबा रोज मागे असतात, आवडतं का तुला?”

तिनं बशीत चहा ओतला, आत्यांसारखाच, जरा सांडत.

“असतील,” ती म्हणाली. “मी मागं बघत न्हाई.”